गोदा कुलूपवालीचा शेवटचा भाग

गोदा कुलूपवालीचा सहावा आणि शेवटचा भाग ज्या दिवशी लोकांसमोर आला, त्या दिवशी शलाका धनवडेला एकाही माणसाचा फोन आला नाही. सकाळपासून ती फोन टेबलावर समोर ठेवून बसली होती. एकदा वाजला, तो सोसायटीची टाकी धुणार असल्याचा निरोप होता. दुपारी तिने स्वतःपुरती खिचडी टाकली, ती खाली लागली, आणि करपलेली खिचडी खाता खाता तिला हसू आलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी पहिला भाग आला तेव्हा साताऱ्यातल्या याच दोन खोल्यांत चहाला कप पुरले नव्हते. उन्मेषने शेवटी डब्याच्या झाकणातून चहा प्यायला होता.

उन्मेष सुर्वे म्हणजे तिचा त्या वेळचा नवरा. चित्रं शलाकाची, कोडी उन्मेषची आणि गोदा दोघांची, असा तो संसार होता.

आताच्या मुलांना हा खेळाचा प्रकार समजावून सांगावा लागतो. पडद्यावर एक खोली दिसते. खोलीतल्या वस्तूंवर क्लिक करायचं, काही उचलता येतं, काही उघडतं, काही नुसतंच बघायचं. उचललेली वस्तू पिशवीत टाकायची आणि पुढे कुठेतरी, दुसऱ्या खोलीत, कशावर तरी वापरून बघायची. पळापळ नाही, मारामारी नाही. माणूस एकटा बसून, हनुवटीला हात लावून विचार करतो आणि अडला की चहा करून येतो. गोदा ही माडबंदर नावाच्या मनातल्याच एका गावातली कुलूपं उघडून देणारी बाई. काष्ट्याचं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक तार, एक मेणबत्ती आणि न्याहारीचं केळं.

ते केळं उन्मेषमुळे आलं. कुठल्याही खेळात कुलूप दिसलं की सगळ्यात मूर्खपणाची वस्तू आधी लावून बघायची, ही त्याची खोड. "खेळ बनवणाऱ्याने माझ्यासारख्या येड्याचा विचार केलाय की नाही, ते तिथेच कळतं," म्हणायचा. म्हणून पहिल्या भागात कुलपाला केळं लावलं की गोदा म्हणायची, "केळं कुलपाला लागत नाही रे, पोटाला लागतं." त्यानंतर उन्मेष हमखास खोलीच्या खिडकीवर क्लिक करून बाहेरचा समुद्र बघायचा. आधी केळं, मग खिडकी, मग काम.

तिसऱ्या भागानंतर तो गेला. भांडण असं म्हणावं तर झालंच नाही. एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, "गोदा सोडून आपल्यात बोलायला काही आहे का गं?" शलाकाने बराच विचार केला आणि तिला काही सुचलं नाही. तो देवरूखला गेला, तिथल्या कॉलेजात गणित शिकवायला लागला. घटस्फोटाची कागदपत्रं दोघांच्या संमतीने झाली. चौथा भाग तिने एकटीने केला, पाचवाही.

चौथा भाग आला तेव्हा लोक कुठे अडतात हे बघण्यासाठी ती खेळाच्या नोंदी चाळत होती. एक खेळाडू सापडला. पहिल्या खोलीत शिरताच त्याने कुलपाला केळं लावलं होतं आणि मग खिडकी उघडली होती. नाव नव्हतं, पण तिला नावाची गरज नव्हती. त्या केळ्याला तिने आधीच उत्तर लिहून ठेवलं होतं, "इतकी वर्षं झाली, अजून केळंच?" पाचव्या भागात लिहिलं, "खाऊन टाक ते, काळं पडायला लागलंय." बाकी दोघांत फोन नाही, दिवाळीचा निरोप नाही. दर काही वर्षांनी तिकडून एक केळं यायचं आणि इकडून एक वाक्य जायचं, एवढंच.

सहाव्या भागातल्या वाक्यावर ती काही आठवडे अडून होती. शेवटी लिहिलं, "आलास? मला वाटलंच."

*

खरं म्हणजे सहावा भाग निघायचाच नव्हता. एव्हाना नुसतं फोनला सांगितलं की तोच मिनिटभरात माणसापुरता खेळ रचून देत होता. त्यात तुमचंच गाव, तुमच्याच आजोबांचा चेहरा, कोडी तुम्हाला झेपतील इतकीच. कुणीतरी हाताने रंगवलेली, सगळ्यांना सारखीच दिसणारी खोली कोण कशाला बघेल? शलाकाने गोदाची चित्रं बासनात बांधली होती. अशात पुण्याहून डॉ. रेणुका घैसास तिला भेटायला आल्या. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत होत्या आणि कॉलेजात असताना त्यांनी गोदाचे पहिले दोन भाग रात्रंदिवस खेळले होते.

"मेंदूत खोलवर, कानाच्या आतल्या बाजूला बोटाएवढा एक भाग असतो," त्या म्हणाल्या. "कुठे काय ठेवलं, कुठून कुठे आलो, याचा नकाशा तो सांभाळतो. विस्मृतीचा आजार पहिला घाव तिथे घालतो. नावं, शब्द, पाढे हे सगळं नंतर जातं. आणि आम्ही तपासतो काय, तर शब्द! पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने विचारायचे. हुशार माणूस पाच शब्द कसेबसे धरून ठेवतो आणि आम्ही त्याला ठणठणीत म्हणून घरी पाठवतो. आजार कळेपर्यंत सात-आठ वर्षं उलटलेली असतात."

"त्यात गोदा काय करणार?"

"गोदा खेळताना माणसाला अख्खं गाव डोक्यात धरावं लागतं. रिकामा केलेला खण तो परत उघडतो का? दाराकडे निघून वाटेतच भलतीकडे वळतो का? वस्तूपाशी कर्सर नेऊन किती थबकतो? एखाद्या वेळी असं सगळ्यांचंच होतं, त्यावरून काही ठरत नाही. पण शलाकाताई, तुमच्याकडे जे आहे ते जगात कुणाकडे नाही. तेच लोक, पाव शतकात पाच वेळा, त्याच गावात हिंडलेत. त्यांचं प्रत्येक क्लिक सर्व्हरवर पडून आहे. मग माणसाची तुलना दुसऱ्या कुणाशी करायलाच नको. त्याची त्याच्याशीच करायची. चाळिशीतला तो आणि साठीतला तो."

कल्पना शलाकाला पटली. त्याहून जास्त तिला मोह पडला तो गोदाची गोष्ट पुरी करण्याचा. संस्थेने खर्च उचलला. अट एकच होती आणि ती रेणुकांनी स्वतः घातली होती. खेळ सुरू करतानाच माणसाला दोन प्रश्न विचारायचे. माझ्या खेळाची नोंद संशोधनाला द्यावी का, आणि काही आढळलं तर मला कळवावं का. दोन्हींना हो किंवा नाही. नावाच्या जागी नुसता क्रमांक. तो क्रमांक कोणाचा, हे शोधायचं नाही. शलाकाने तसं लिहून दिलं. कोडंच चुकलंय की माणूस अडलाय, हे ठरवायला नोंदी मात्र तिला बघता येणार होत्या.

तेव्हा एक औषधही नुकतंच आलं होतं. महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं. आजार त्याने बरा होत नव्हता, पण अगदी सुरुवातीला गाठला तर बऱ्याच जणांत त्याची चाल मंदावत होती.

*

पहिल्या दिवशी न वाजलेला फोन वर्षभराने वाजायला लागला, पण तो गोदासाठी नव्हता. संस्थेचे निष्कर्ष छापून आले. माणसाला स्वतःला शंका यायच्या कितीतरी आधी खेळाला कळतं, हे सिद्ध झालं. मग लोकांनी त्याचं जे करायचं तेच केलं. मुलं सुट्टीत घरी आली की सहज म्हणून आईबापांपुढे गोदा लावून द्यायला लागली आणि मागे उभी राहून बघायला लागली. कुठल्याशा कंपनीने संचालकांना वर्षातून एकदा खेळणं सक्तीचं केलं. "त्यांना एकदा गोदा लावून बघा," हे वाक्य कुजबुजीत रूढ झालं. ज्यांनी उभं आयुष्य गोदावर प्रेम केलं होतं ते तिला घाबरायला लागले. मौजेखातर खेळणारे कमी कमी होत गेले.

खालच्या मजल्यावरच्या लोखंडे काकू शलाकाला जिन्यात भेटल्या. एके काळी याच काकू पाहुण्यांना वर बोट दाखवून सांगायच्या, की आमच्या बिल्डिंगमध्ये गोदा राहते.

"तुमच्या त्या बाईने माझ्या भावाला घरी बसवलं," काकू म्हणाल्या. "चांगला दुकान सांभाळत होता. पोरांनी खेळायला लावला, आणि आता गल्ल्याला हात लावू देत नाहीत."

"काकू, त्यांनी स्वतः विचारलं असेल तरच..."

"पोरांनीच टिक केली हो. त्याला काय कळतंय त्यातलं." काकू भिंतीला लागून उभ्या राहिल्या, शलाकाला जायला वाट दिली. पुन्हा कधी त्या आपणहून बोलल्या नाहीत.

शलाका घरी येऊन नोंदी बघत बसायची. तेवढंच एक माणसांत असल्यासारखं वाटे. पडद्यावर एकेक खेळाडू म्हणजे तिच्या रंगवलेल्या खोल्यांतून फिरणारी एकेक बारीक केशरी रेघ. कुणी भराभर कोपरे धुंडाळी, कुणी चित्रापाशी रेंगाळे. ज्याच्यासाठी ती खरं म्हणजे बघत होती, तो अजून आला नव्हता.

मग जानेवारीतल्या एका दुपारी तो आला. नवा क्रमांक. पहिली खोली, कुलपाला केळं, मग खिडकी. गोदा म्हणाली, "आलास? मला वाटलंच." शलाकाने खुर्चीत मागे रेलून दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

रेघ खिडकीपासून कपाटाकडे गेली. खण उघडला, चिमटा उचलला, खण मिटला. रेघ दाराशी आली, तिथे थबकली आणि परत कपाटाकडे गेली. तोच खण, आता रिकामा. पुन्हा दार. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग रेघ कुलपाशी आली आणि तिने केळं लावलं.

"आलास? मला वाटलंच," गोदा म्हणाली.

शलाकाचं हसू गेलं. पहिलं केळं थट्टेचं होतं. दुसरंही थट्टेचं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण त्यानंतर रेघ खिडकीकडे गेली, समुद्र बघून आली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तो बसला होता तेवढ्या वेळात गोदाने त्याचं कितीदा तरी स्वागत केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. पहिली खोली ओलांडून रेघ क्वचितच बाहेर पडली, आणि पडली की वाट चुकल्यासारखी परत आली.

त्या क्रमांकासमोर दोन उत्तरं होती. संशोधनाला द्यावं का, हो. मला कळवावं का, नाही.

*

तिने स्वतःला पुष्कळ रोखलं. शेवटी माळ्यावरून जुनी हार्ड डिस्क काढली. तिसऱ्या भागाच्या वेळी उन्मेषने घरातच खेळून बघितलं होतं, त्या नोंदी त्यात होत्या. जुनी रेघ निळी करून तिने ती नव्या केशरी रेघेवर ठेवली. वळायची ढब तीच होती. खालच्या कोपऱ्यापासून वर चढत जाणं तेच, आणि वस्तूवर क्लिक करण्याआधी तिच्याभोवती अर्धं वर्तुळ काढायची सवयही तीच. निळी रेघ मात्र खोलीतून एकदाच गेली होती. केशरीने त्याच वाटा इतक्या गिरवल्या होत्या की खालचं चित्र दिसेनासं झालं होतं.

तिने रेणुकांना व्हिडिओ कॉल लावला.

"समजा, एखाद्याने कळवू नका म्हटलंय," ती म्हणाली, "आणि नोंदी वाईट आहेत. मग?"

"मग कळवायचं नाही."

"औषध असूनसुद्धा?"

"शलाकाताई, माझ्या आईनेही 'नाही' म्हटलंय. तिचा क्रमांक शोधायला मला काही मिनिटं लागतील. रोज ऑफिसात आल्यावर तो शोधायचा नाही, एवढं एक काम मी करते." मग त्यांनी जरा पुढे वाकून विचारलं, "तुम्ही कुणाला ओळखलंत का?"

"नाही," शलाका म्हणाली.

खोटं बोलून झाल्यावर ती निघायच्या तयारीलाच लागली.

*

कराड, पाटण, मग कुंभार्ली घाट. घाट उतरताना काजूच्या मोहराचा वास गाडीत शिरला. चिपळूणला तिने गाडी बदलली. काय बोलायचं याची तालीम ती वाटभर करत होती आणि संगमेश्वरपर्यंत सगळी वाक्यं वापरून संपली होती.

देवरूखच्या घरी उन्मेष अंगणात सुपारी वाळत घालत होता. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. तिला बघून त्याने हात लुंगीला पुसले.

"शलाका! अगं, फोन तरी करायचा. चहा घेशील ना?"

"घेईन."

घर नीटनेटकं होतं. पण आत पाऊल टाकताच तिला काहीतरी विचित्र वाटलं आणि ते काय हे कळायला क्षणभर गेला. घरात एकाही कपाटाला दार नव्हतं. स्वयंपाकघरातली मांडणी, कपड्यांचं कपाट, भिंतीतलं फडताळ, सगळं उघडं. टेबलाचे खणसुद्धा काढून वर ओळीने मांडले होते. साखर, चष्मा, किल्ल्या, औषधं, जे काही होतं ते उभ्या जागेवरून दिसत होतं.

"वाळवी लागली होती," तो तिच्या नजरेकडे बघून म्हणाला. "सगळी दारं काढून टाकावी लागली."

बिजागऱ्यांच्या जागा स्वच्छ होत्या, लाकडाला एक भोक नव्हतं. शलाकाच्या मनात आलं, काय सुंदर तोड काढली आहे या माणसाने. दिसलं की शोधावं लागत नाही.

चहा चांगला झाला होता. कॉलेजातली जुनी माणसं, तिचे गुडघे, त्याच्या सुपाऱ्या यांवर ते बोलले. पूर्वी दोघांना जमलं नव्हतं ते आता सहज जमत होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला जास्तच अवघड झालं.

"सहावा भाग कसा वाटला?" तिने विचारलं.

"कालच सुरू केलाय," तो उत्साहाने म्हणाला. "अजून पहिल्या खोलीतच आहे. घाई करायची नाही असं ठरवलंय. शेवटचा आहे ना."

शलाकाने कप खाली ठेवला.

"उन्मेष, तू तो जानेवारीपासून खेळतोयस."

तो तिच्याकडे बघत राहिला. हसण्याची तयारी केलेला त्याचा चेहरा तसाच राहिला.

"मला नोंदी दिसतात. मी बघायला नको होतं, पण बघितलं. जुन्या नोंदीशी लावूनही बघितलं. तू त्याच खोलीत... औषध आहे आता. लवकर सुरू केलं तर उपयोग होतो. रत्नागिरीत मिळतं."

"मी 'नाही' म्हटलं होतं," उन्मेष म्हणाला.

"माहीत आहे."

"पहिल्याच पानावर विचारलं होतं. मी नीट वाचून 'नाही' म्हटलं. ते मला आठवतंय. चांगलं आठवतंय."

"पण मला माहीत असताना मी गप्प कशी बसू?"

"बसता आलं असतं. वीस वर्षं बसलीस की." तो उठला, खिडकीशी गेला. "वर्तमानपत्र मीही वाचतो, शलाका. औषध मला माहीत आहे. ही कपाटं मी काय गंमत म्हणून उघडी ठेवलीत? संशय होता मला. पण तो माझा होता. सकाळी उठून म्हणता यायचं, की आज झोप नीट झाली नाही, वय झालं, सगळ्यांचंच होतं. रोज एक नवं कारण काढत होतो मी. ते काढता येत होतं ना, त्याचंच बरं वाटत होतं. आता तू आलीस आणि सांगून टाकलंस. आता मी उद्या सकाळी काय म्हणू?"

शलाका टेबलावर मांडलेल्या खणांकडे बघत होती.

"आणि खेळत होतो ते तुझ्यासाठी खेळत होतो," तो म्हणाला. "तू बघत असशील हे मला माहीत होतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला हो म्हटलं. बघावंस म्हणून. तपासावंस म्हणून नाही."

संगमेश्वरला जायची शेवटची गाडी कितीला आहे ते त्याने सांगितलं. अंगणापर्यंत आला, फाटकापर्यंत आला नाही.

*

साताऱ्याला परतल्यावर तिने रेणुकांना सगळं खरं सांगितलं. रेणुका रागावल्या नाहीत, त्यांचा आवाज फक्त थकलेला झाला. तिला नोंदी बघायची परवानगी त्याच दिवशी बंद झाली. "मला तुमचा राग यायला हवा," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितल्यापासून मी आईचा विचार करतेय. उद्यापासून नोंदींचं हे काम दुसऱ्या कुणाला तरी देते मी. माझ्याच्याने होणार नाही."

केशरी रेघा गेल्या आणि दुपारी रिकाम्या झाल्या. शलाका फिरायला जायला लागली, यवतेश्वराच्या वाटेने अर्ध्यापर्यंत जाऊन परत यायची. बाजारातसुद्धा दोन-तीन दिवस कुणाशी बोलणं झालं नाही तर घसा साफ करून घरात एखादं वाक्य मोठ्याने म्हणून बघायची. उन्मेषचा क्रमांक तिने फोनमध्ये कितीदा तरी उघडला आणि कितीदा तरी मिटला. मला सांग असं त्याने कधी म्हटलं नव्हतं, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तरीही पुन्हा तीच वेळ आली तर आपण तेच करू, हेही कळलं होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून जगायची सवय होत नव्हती.

मेच्या मध्यावर, कडक उन्हाच्या वेळी फोन वाजला.

"मी बोलतोय," उन्मेष म्हणाला. "रत्नागिरीला जाऊन आलो. तपासण्या झाल्या. तू म्हणालीस तेच आहे."

"बरं."

"गुरुवारी पहिला डोस देणार आहेत. चार तास लागतात. कधीकधी मेंदूला सूज येते म्हणे, म्हणून एकट्या माणसाला देत नाहीत. सोबत कुणीतरी लागतं. शेजारच्या साळवींना विचारलं असतं. पण मग त्यांना सांगावं लागेल. उद्या गावभर होईल, आणि मग लोक माझ्याशी सावकाश बोलायला लागतील."

"आणि मला सांगावं लागणार नाही."

"हो. तुला आधीच माहीत आहे. तेवढ्यासाठीच विचारतोय, दुसरं काही मनात आणू नकोस."

"नाही आणत," शलाका म्हणाली. "येते मी."

*

हॉस्पिटलातली खोली थंड होती, पडदे फिकट हिरवे. एका रांगेत चार खुर्च्या, त्यांतल्या तीन रिकाम्या. चौथीत उन्मेष एक बाही वर करून बसला होता. नर्सने सुई लावली, नळी सारखी केली आणि शलाकाकडे वळून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

शलाकाच्या आधी उन्मेषच म्हणाला, "सोबत आल्यात."

नर्सने ते तसंच लिहून घेतलं. डोकं दुखलं, दोन-दोन दिसायला लागलं तर लगेच हाक मारा, असं बजावून ती गेली.

औषध थेंब थेंब उतरायला लागलं. शलाकाने खुर्ची जवळ ओढली, पण फार जवळ नाही. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. त्याने डोळे मिटले होते. झोप लागली असेल असं वाटून तिने त्याच्या हाताखालची उशी जरा सरळ केली.

"शलाका," तो डोळे न उघडता म्हणाला.

"काय रे? दुखतंय का काही?"

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"हे तू लक्षात ठेवायचंस. पुढे माझ्या राहील न राहील. मी उगाच गोड बोलायला लागलो, तर समजायचं की विसरलोय."

"ठेवीन," शलाका म्हणाली.

त्याने समाधानाने मान हलवली आणि हात तिने सरळ केलेल्या उशीवर सैल सोडला.